‘सोशल ड्रिंकर’ म्हणजे नक्की कोण? व्यसनाच्या इंग्रजी नावांनी कुणाचं भलं झालं?

गोदाकाठ
परवा गंगापूर रोडला एका साखरपुड्याला गेलो होतो. मुलीचे मामा नवऱ्यामुलाच्या काकांबद्दल सांगत होते, “तसं व्यसन नाही हो, सोशल ड्रिंकर आहेत.” सकाळचे साडेअकरा झाले होते. काकांनी चहाचा कप उचलला तर बशी खडखडायला लागली. त्यांनी कप खाली ठेवला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

माझ्या थोरल्या भावाचा हात असाच थरथरायचा. तो सातपूरला कंपनीत हेल्पर होता, म्हणून अख्खी गल्ली त्याला बेवडा म्हणायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. दुखणं तेच, पण एकाला शिवी आणि दुसऱ्याला इंग्रजी पदवी. ड्रिंक्स, पेग, पार्टी, टेस्टिंग ही सगळी पैसेवाल्यांच्या दारूवरची पांघरुणं आहेत. दारूला दारूच म्हणा, म्हणजे निदान घरच्यांचे डोळे वेळेवर उघडतील.

दिंडोरीचा बागायतदार
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण सरसकट सगळ्याला दारू म्हणायचं, हे मला पटत नाही. माझ्या तीन एकरांत वाईनची द्राक्षं आहेत. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं, तर ‘किराणा दुकानात दारू’ अशी ओरड झाली आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. त्या एका शब्दानं आमचं नुकसान केलं. वाईनमध्ये अल्कोहोल बारा-तेरा टक्के, व्हिस्कीत जवळपास त्रेचाळीस. फरक आहे, तर शब्दही वेगळा हवा.

औषधवाली, नाशिकरोड
टक्क्यांचा हिशोब पुरा करा, दादा. वाईनची बाटली 750 मिलीची. बारा टक्क्यांनी तिच्यात शुद्ध अल्कोहोल 90 मिली. व्हिस्कीची क्वार्टर 180 मिलीची, तिच्यात सुमारे 77. म्हणजे एकट्यानं वाईनची बाटली संपवली तर पोटात क्वार्टरपेक्षा जास्त गेलं. तरी ‘फक्त वाईन घेतो’ म्हणणाऱ्याला घरात कुणी टोकत नाही.

आणि नुसती दारूच कशाला? ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला, त्यानंतर एक बाई दुकानात आल्या. मुलाच्या मोबाईलमध्ये ‘बटन आहे का’ असा मेसेज वाचून त्यांना वाटलं होतं, शर्टाचं बटन. मी सांगितलं, झोपेच्या गोळ्यांना पोरं बटन म्हणतात. मालेगावकडे अशाच एका गोळीला कुत्ता गोळी म्हणतात. एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे तरी किती आयांना ठाऊक आहे? त्या बाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. महिनाभर तो शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

दिंडोरीचा बागायतदार
हिशोब बरोबर आहे. पण बाटली चौघांत फुटते, क्वार्टर एकटा मारतो.

पंचवटीतला एक
गोदाकाठ, तुमच्याशी माझं पूर्ण उलट मत आहे. 2019 च्या पोळ्यापासून मी थेंब घेतलेला नाही.

‘दारूला दारू म्हणा’ हे माझ्या घरी रोज होत होतं. बेवडा, दारुडा, सगळं ऐकलं. माझ्या मुलीला शाळेत ‘बेवड्याची पोरगी’ म्हणायचे. ते कळलं त्या रात्री मी शरमेनं दुप्पट प्यायलो. माझे डोळे त्या शब्दानं उघडले नाहीत.

मग एकानं मला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला नेलं. तिथं आपलं नाव सांगून “मी अल्कोहोलिक आहे” म्हणतात. तीन मीटिंगा मी गप्प बसलो, चौथीला बोललो. “मी दारुडा आहे” असं मी जन्मात म्हणू शकलो नसतो, कारण त्या शब्दात मला शेजाऱ्यांचा आवाज ऐकू यायचा. 1849 मध्ये माग्नुस हुस नावाच्या स्वीडिश डॉक्टरानं ‘अल्कोहोलिझम’ हा शब्द काढला, तोच मुळी आजाराचं नाव म्हणून. आपलं ‘व्यसन’ बघा. मनुस्मृतीत राजाच्या व्यसनांत मद्यपान, जुगार, शिकार आणि दिवसाची झोप एकाच यादीत आहेत. ती दुर्गुणांची यादी आहे. मला दुर्गुणी म्हणणारे पुष्कळ होते. आजारी आहेस, असं पहिल्यांदा त्या परक्या शब्दानं सांगितलं.

गोदाकाठ
तुमचं दोनदा वाचलं. भावाला आजारी म्हणणारं कुणीच नव्हतं, मीसुद्धा नाही. हे लिहायला जड जातंय. पण ‘सोशल ड्रिंकर’ हा शब्द काही डॉक्टरानं दिलेला नाही. अल्कोहोलिक म्हटल्यावर माणूस कबुली देतो, सोशल ड्रिंकर म्हटल्यावर तो सुटतो. माझं भांडण या दुसऱ्याशी आहे, आणि ते मी सोडणार नाही.

पंचवटीतला एक
त्या शब्दाबद्दल मान्य. एक मात्र लक्षात घ्या. सकाळी हात थरथरतो म्हणजे शरीर दारूला बांधलं गेलं असण्याची शक्यता मोठी. कुणी जोशात येऊन ‘आजपासून बंद’ म्हणून त्या काकांना घरात कोंडू नका. एकदम तोडली की झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायला हवी. मला डॉक्टरांनी बेवडा म्हटलं नाही की अल्कोहोलिकही नाही. विचारलं, “शेवटची कधी घेतली? रोज किती?” मी खरं सांगितलं.

गोदाकाठ
मामांचा नंबर आहे माझ्याकडे. संध्याकाळी फोन करतो. कपाचं सांगेन आणि भावाचं सांगेन.