नेपल्सच्या पश्चिमेचा किनारा: काम्पी फ्लेग्रेईतले तुमचे अनुभव लिहा

नेपल्सला जाणारी आपली बहुतेक मंडळी पाँपेई, व्हेसुव्हियस आणि काप्री करून परततात. पश्चिमेचा किनारा राहूनच जातो. तिथे एकच एक ज्वालामुखी नाही. काम्पी फ्लेग्रेई म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचं ज्वालामुखीचं आख्खं कुंड आहे, त्यातलं बरंचसं समुद्रात, आणि उरलेल्यात गावं, तळी, द्राक्षमळे, पुळणी. मोंतेसांतो स्टेशनवरून कुमाना ही लोकल धरली की पोझुओली येतं. ज्यांनी हा भाग पाहिलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा. कुठे रमलात तेही, आणि काय वगळलं तरी चालेल तेही.

*कोल्हापूरचा निवृत्त भूगोल शिक्षक*

पोझुओलीतली रोमन मंडई चुकवू नका. १७५० साली तिथे सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून लोक ते देऊळच समजत होते. संगमरवराचे तीन उंच खांब अजून उभे आहेत. खालचा भाग गुळगुळीत आणि त्याच्या वर, जवळजवळ सात मीटर उंचीपर्यंत, भोकंच भोकं. दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी पाडलेली. म्हणजे मंडई बांधली कोरड्या जमिनीवर, पुढे ती खचून समुद्रात गेली आणि पुन्हा वर आली. खालचा भाग गाळात गाडलेला होता, तिथे शिंपले पोचलेच नाहीत. चार्ल्स लायेल यांनी १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. आयुष्यभर मुलांना जे फळ्यावर सांगितलं ते समोर उभं होतं. मी कठड्यापासून हललोच नाही, सौ. ओढून घेऊन गेली.

पुढे मोंते नुओव्हो. १५३८च्या सप्टेंबरअखेरीस उद्रेक झाला आणि आठवडाभरात ही टेकडी उभी राहिली. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि ही टेकडी शिवजन्माच्या शंभर वर्षं आधी नव्हतीच! चढ सोपा आहे, माथ्यावरून आत विवर दिसतं.

*रत्नागिरीची, सध्या म्युनिकला*

काका, तुमची मंडई वर आली, पण शेजारच्या बाया (Baia) या गावाचा किनारा खालीच राहिला. रोमन बादशहांची, धनिकांची हवेलीवजा घरं तिथे पाण्याखाली आहेत. २००२पासून तो भाग संरक्षित आहे. तळाला काच असलेली होडी मिळते, पण पोहता येत असेल तर वाटाड्याबरोबर स्नॉर्केल लावूनच उतरा. जेमतेम पाच मीटर खोलीवर पुतळे उभे आहेत (या प्रतिकृती, मूळचे बायाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात). वाटाड्याने हाताने वाळू सारली आणि खालून काळ्या-पांढऱ्या चौकटीची फरसबंदी निघाली. मासे त्यावरून फिरत होते. मी समुद्राकाठी वाढलेय, पण पाण्याखाली कुणाच्या तरी घरात असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी वारा असेल तर पाणी गढूळ होतं, एक दिवस हाताशी ठेवा.

*ठाण्याहून, दोन मुलांना घेऊन*

मुलं अवशेषांना कंटाळतात म्हणून आम्ही मिसेनो आणि मिलिस्कोलाच्या पुळणीवर जास्त राहिलो. वाळू करडी, ज्वालामुखीची, दुपारी पाय भाजतात. छत्री-खुर्चीचे पैसे मोजावे लागतात. शेजारच्याच बंदरात रोमनांचं आरमार असे, व्हेसुव्हियस फुटला तेव्हा त्याचा प्रमुख, थोरला प्लिनी, इथूनच गलबतं घेऊन निघाला. बाकोलीतलं पिसिना मिराबिलिस मात्र मुलांनाही आवडलं: ४८ खांबांवर पेललेली भूमिगत पाण्याची टाकी. आवेर्नो तळं म्हणजे रोमन कवी व्हर्जिलने सांगितलेलं पाताळाचं दार, आम्हाला फेरफटक्यापुरतं ठीक वाटलं.

सोल्फातारा हे गंधकाच्या वाफा सोडणारं विवर बघायचं होतं. उघडलंय का?

*नेपल्सला शिकणारी, मूळची सोलापूरची*

नाही ताई. २०१७मध्ये तिथे एका कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला, तेव्हापासून विवर पर्यटकांना बंद आहे. गंधकाचा वास मात्र रस्त्यावरही येतो.

आता कुणी विचारलं नाही ते सांगते. २००५पासून इथली जमीन पुन्हा वर चाललीय आणि भूकंप होतात. मार्च २०२५मध्ये मध्यरात्रीनंतर ४.६चा झाला, त्या रात्री माझ्या मैत्रिणीच्या इमारतीतली सगळी माणसं पहाटेपर्यंत गाड्यांमध्ये बसून होती. १९७०मध्ये पोझुओलीतली रिओने तेर्रा ही जुनी वस्ती सरकारने रिकामी केली, लोक परत राहायला आलेच नाहीत. आज तिथे आपण तिकीट काढून जमिनीखालच्या रोमन गल्ल्या बघतो. वर कॅथेड्रल आहे. १९६४च्या आगीत भिंती जळल्या आणि आतलं रोमन देऊळ उघडं पडलं, तेच खांब आता चर्चमध्ये दिसतात. नक्की जा. बंदरावरच्या कोळ्यांशीही बोला, समुद्रतळ वर आल्याने त्यांच्या होड्या टेकतात.

यायला घाबरू नका, फक्त आदल्या दिवशी ज्वालामुखीवर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेचं पत्रक बघा आणि तिकिटं खुली आहेत का ते विचारा, कारण धक्क्यानंतर काही ठिकाणं तपासणीसाठी बंद ठेवतात. मुक्काम नेपल्सला केलात तरी कुमानाने रोज येता येतं. प्रोचिदा बेटाची बोट पोझुओलीहूनच सुटते.