कागदी पूल: मुलं दुसरा प्रयत्नच करत नाहीत

खडूफळा:
पाचवीचा वर्ग, 36 मुलं, 35 मिनिटांच्या सलग दोन तासिका. ए4 कागद आणि फेविकॉल देऊन पूल करून घ्यायचा आहे. पहिला पूल मोडला की मुलं हिरमुसतात, टिकला की 'झालं' म्हणून बसतात. सुधारणेपर्यंत गाडी जातच नाही. शिवाय फेविकॉल वाळेपर्यंत तास संपतो.

घडीवाला:
फेविकॉल काढूनच टाका. त्याने कागद ओला होऊन मऊ पडतो आणि त्याच अवस्थेत चाचणी होते. चौघांच्या गटाला दर पुलासाठी एक कागद आणि 30 सेंमी चिकटपट्टी, मोजून. जास्त दिली तर पूल चिकटपट्टीचाच होतो!

चाचणी कशी घेणार ते आधीच फळ्यावर लिहा. दोन बाकांत 20 सेंमी अंतर. पूल नुसता टेकवायचा, बाकाला चिकटवायचा नाही. मधोमध 5 सेंमीचा पुठ्ठ्याचा चौकोन, त्यावर कागदी कप, कपात रुपयाची नाणी एकेक करून. पुठ्ठा नसेल तर कप एकाच घडीवर बसतो आणि कलंडतो. पहिली चाचणी बाराव्या मिनिटाला, पूल अर्धवट असला तरी.

ओळंबा:
थोडी भर. पंख्यासारख्या घड्या मुलांना सुचतातच, पण काही गट त्या आडव्या घालतात. घडीची रेघ या बाकाकडून त्या बाकाकडे जायला हवी, नाहीतर पूल भात्यासारखा मिटतो. आधी सांगू नका, मोडू द्या.

कागदाच्या लांबीच्या दिशेने दीड सेंमीच्या घड्या घातल्या तर 14 पट्ट्या होतात. मग वेगळंच दुखणं: वजन वाढलं की घड्या फाकतात, उंची जाते, कागद पुन्हा सपाट. खालून आडवी चिकटपट्टी लावली की फाकणं थांबतं. उंचीचं महत्त्व पटवायला प्लास्टिकची फूटपट्टी सपाट धरून वाकवायला द्या, मग कडेवर उभी धरून.

खडूफळा:
पहिल्याच पुलाने भरपूर नाणी पेलली तर त्या गटाला काय द्यायचं?

घडीवाला:
अंतर 24 सेंमी करा. आणि क्रमांक एकूण नाण्यांवर नको, पहिल्या-शेवटच्या चाचणीतल्या फरकावर द्या.

ओळंबा:
इथे मात्र असहमत. मुलं बेरकी असतात, पहिला पूल मुद्दाम कच्चा करतील. क्रमांकच नकोत. वहीत तीन रकाने: काय बदललं (एका वेळी एकच), किती नाणी, कुठे मोडला. तिसरा रकाना कोरा असेल तर पुढचा कागद द्यायचा नाही.