प्रेमकादंबरी लिहिणाऱ्या सुनेने घराकडे वेळ मागावा का?

चर्चाप्रस्ताव: पऱ्हाटी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

मी प्रेमकादंबरी लिहिते आहे आणि तिच्यासाठी रोजचे दोन तास घराने मला उघडपणे द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. उरलेल्या वेळात, सगळे निजल्यावर, कोणाला कळू न देता लिहावे, हा सल्ला मला अनेकांनी आपुलकीने दिला. तो मला मान्य नाही. का मान्य नाही ते मांडावे आणि इतरांचे काय मत आहे ते ऐकावे, म्हणून हा धागा काढला आहे.

आमचे घर सहा माणसांचे आहे: सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. शेती बहुतेक कोरडवाहू, कपाशीत तुरीच्या ओळी, आणि विहिरीवर ओलित होते तेवढ्यात हरभरा व गहू. मृगात पेरणी झाली की निंदण सुरू होते, ते संपते न संपते तोच सोयाबीनची सोंगणी येते, दसऱ्याच्या सुमारास कपाशीची वेचणी लागते ती पौषापर्यंत पुरते, मध्येच तूर कापणीला येते; आणि शेत मोकळे झाले की शेवया, कुरडया, पापड, वर्षभराचे तिखट आणि लग्नसराई. या वर्षात उरलेला वेळ कुठे असतो, ते मला कोणी दाखवावे. वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटे चिरलेली असतात आणि रात्री पेन धरवत नाही, म्हणून मी मोबाइलवर बोलून मजकूर उतरवायला शिकले. परंतु मामाजी ओसरीवर बसलेले असताना नायकाने नायिकेला म्हटलेले वाक्य मोठ्याने कसे उच्चारावे? हळू बोलावे तर मोबाइल भलतेच उतरवतो, आणि वऱ्हाडी संवादाची तर तो पार मोडतोड करून टाकतो. ते दुरुस्त करण्यात पुन्हा तेवढाच वेळ जातो.

सत्तर हजार शब्दांची कादंबरी रोज 500 शब्दांप्रमाणे लिहिली तरी 140 दिवस लागतात, तेही एक दिवस न चुकता, आणि तो केवळ पहिला खर्डा असतो. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात तीन-चार दिवस गेले की पात्रांचा बोलण्याचा सूर हातून निसटतो. मग मागची दोन प्रकरणे वाचल्याशिवाय पुढचा परिच्छेद सुचत नाही. म्हणून मला ठरलेला आणि सलग वेळ हवा आहे.

आता उघडपणाविषयी. मी भजने लिहिली असती, पाककृती लिहिल्या असत्या, तर लपवण्याचा सल्ला कोणी दिला नसता. प्रेमकथा म्हटली की पहिला प्रश्न येतो तो "कोणाबद्दल लिहून राहिली?" हा. हे आपल्या मातीला शोभत नाही. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि भागवतातल्या कथेप्रमाणे तिने आपल्या मनातले स्वतः पत्र लिहून कळवले. तेराव्या शतकात रिद्धपूरला महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी त्याच रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, आणि ते चोरून रचले नव्हते. त्या धवळ्यांसाठीच, म्हणजे लग्नगीतांसाठीच, आपण महदाइसेला मराठीची आद्य कवयित्री म्हणतो. मग आज स्त्रीने प्रेमाविषयी लिहिणे दाराआड का जावे?

माझी मागणी एवढीच आहे: संध्याकाळचा स्वयंपाक मी करीन, त्यानंतरची भांडी, उद्याची आवराआवर आणि धाकट्याचा अभ्यास दुसऱ्या कोणी पाहावा, आणि ते दोन तास माझे आहेत हे घरात सर्वांना माहीत असावे.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका (पुसद)

पऱ्हाटीताई, तुमचे लिखाण चांगले आहे हे प्रस्तावावरूनच कळते, त्यामुळे माझा विरोध तुमच्या लेखनाला आहे असे समजू नका. माझा विरोध मागणीला आहे.

घरातून दोन तास मागितले म्हणजे ते कोणाच्या तरी अंगावर पडतात, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्या बाईच्याच अंगावर पडतात. नवरा पहिले काही दिवस भांडी घासतो. मग शेतातून उशीर होतो, कधी पंचायतीत बैठक असते, कधी पाठ दुखते, आणि एके दिवशी कोणी काही न बोलता तुमच्या सासूबाई मोरीत बसलेल्या दिसतात. मी नोकरी करीत असताना माझ्या सहकारी शिक्षिकांच्या घरी हेच पाहिले आहे. नोकरीचा पगार घरात येत होता, म्हणून त्या सासवा निदान बोलून दाखवत नव्हत्या. कादंबरीचा पगार येत नाही.

दुसरे असे की घराने उघडपणे दिलेल्या वेळेवर घराचा हक्क चालतो. आज दोन तास देणारी माणसे वर्षाने विचारतील की त्याचे काय झाले, छापून कधी येणार, कोणी वाचले का, आणि असे प्रश्न लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसले की लेखन कोमेजते. कोणाला न सांगता लिहिणारीला कोणी जाब विचारीत नाही. तिला वाटेल तेव्हा पाने फाडता येतात, नव्याने सुरू करता येते. तुम्ही ज्याला लपवणे म्हणता त्याला मी मोकळीक म्हणते. वेचणी करताना हात चालतात आणि डोके रिकामे असते. प्रसंग तेव्हा रचावा आणि उतरवण्यापुरताच वेळ काढावा.

आणि मुलांचे वय थांबत नाही. कादंबरी थांबू शकते.

प्रतिसाद: कास्तकार (जि. वाशीम)

ताई, शिक्षिकाबाईंनी वेळेविषयी लिहिले, मी विषयाविषयी लिहितो. ज्या भागात नापिकी आणि कर्ज यांपायी माणसांनी जीव दिले, जिथे मागे राहिलेल्या बाईला सातबारावर आपले नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, तिथल्या लेखिकेने प्रेमकथेसाठी घराचे दोन तास मागावेत हे माझ्या मनाला पटत नाही. त्या बाईची कहाणी तुम्ही लिहीत असता तर मी स्वतः तुमच्या घरी येऊन तुमच्या मालकांना सांगितले असते की वहिनींना वेळ द्या. शहरात बसून आपल्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे राहून, शेतात राबून लिहिणारी बाई क्वचित मिळते. तिने तरी आपले दुःख सोडून दुसरीकडे जाऊ नये.

शिवाय वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी कापूस मोजायचा असतो, मजुरांचे किलोप्रमाणे पैसे द्यायचे असतात, दुसऱ्या दिवशी किती बाया येणार ते ठरवायचे असते. आमच्याकडे हा हिशेब घरची बाईच ठेवते. ती दोन तास बाजूला बसली तर काम अडते, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रतिसाद: ग्रंथालय सेवक (मोर्शी तालुका, जि. अमरावती)

मी 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या 'ड' वर्गाच्या एका लहान वाचनालयात काम करतो, आणि कास्तकारभाऊंच्या म्हणण्याशी मी सहमत नाही.

आमच्या देवघेवीच्या वहीत बायकांची नावे पुरुषांपेक्षा कमी आहेत, परंतु पुस्तके जास्त त्याच नेतात. पुष्कळजणी स्वतः येत नाहीत, मुलाच्या हाती चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव क्वचितच असते. "मागच्यासारखे द्या" किंवा "शेवट चांगला असलेले द्या" एवढेच लिहिलेले असते. कपाटातल्या कोणत्या पुस्तकांची शिवण सुटली आहे, कोणत्या पानांना हळदीचे बोट लागले आहे, ते पाहिले की कोण काय वाचते हे वेगळे विचारावे लागत नाही: त्या सगळ्या प्रेमकथा असतात. भाऊ, तुम्ही ज्या दुःखाविषयी लिहिता त्या दुःखाच्या घरांतल्या बायकाही आमच्या सभासद आहेत. आपले दुःख त्यांना तोंडपाठ आहे, ते पुन्हा वाचायला त्या पुस्तक नेत नाहीत.

माझी तक्रार निराळीच आहे. या सगळ्या पुस्तकांतली माणसे मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहतात. त्यांना एसटीची शेवटची फेरी चुकत नाही, सततच्या पावसाने त्यांचे सोयाबीन झाडावरच कोंबारत नाही, त्यांचे लग्न कापसाचा भाव पडला म्हणून पुढच्या वर्षावर जात नाही. वऱ्हाडातल्या मुलीने कोणावर जीव लावला तर ती तो कसा लपवते, कोणाला सांगते, कोणत्या शब्दांत सांगते, हे लिहिलेले मी आमच्या कपाटात शोधले आणि मला फारच थोडे सापडले. पऱ्हाटीताई हे लिहिणार असतील तर त्यांनी वेळ मागावा, आणि जोर देऊन मागावा.

प्रतिसाद: एका कथालेखिकेचा नवरा (आर्णी, जि. यवतमाळ)

वहिनी, रोज दोन तास ही मागणी आमच्या घरी टिकली नाही, म्हणून दुसरी पद्धत सुचवतो. कृषिपंपाची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात मी हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात असतो आणि ती घरी निवांत लिहिते. दिवसाच्या पाळीत लिहिणे बंद. वेचणीत अजिबात नाही. फाल्गुन-चैत्रात मात्र संध्याकाळची पूर्ण जबाबदारी माझी. शेजारच्यांनी मला भांडी घासताना पाहून बोलायचे ते बोलून घेतले, आता कोणी बोलत नाही. वेळ रोजच्या घड्याळावर बांधण्याऐवजी हंगामावर बांधावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका (पुसद)

आर्णीच्या भाऊंचे मनापासून कौतुक वाटते. तरीही एका घरी जमले म्हणून सगळ्यांना तोच उपाय सांगता येत नाही. पऱ्हाटीताईंनी एवढा मोठा प्रस्ताव लिहिला, पण सासूबाईंना विचारले की नाही, हे त्यात कुठेच दिसले नाही.

प्रतिसाद: पऱ्हाटी

काकू, विचारले आहे. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसवत नाही, आणि म्हणूनच भांडी त्यांच्याकडे जाणार नाहीत हे मी आधी ठरवून घेतले: ती यांच्याकडे आणि नववीतल्या थोरल्याकडे राहतील. आत्याबाई मला एवढेच म्हणाल्या, "लिहितं त लिही, पण दार लावून नोको लिहू. लोकं इचारतात त मी काय सांगू?" त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात दार उघडे ठेवून लिहिते. त्या तांदूळ निवडत असतात, मधूनच "आता त्या पोरीचं काय झालं?" असे विचारतात, आणि मी सांगते. नायिकेच्या आजीचे बोलणे मी त्यांच्याकडून ऐकूनच दुरुस्त केले. चोरून लिहिले असते तर ती आजी पुस्तकी बोलली असती.

उघड वेळेवर घराचा हक्क चालतो हे तुमचे म्हणणे खरे आहे, परंतु मला तो हक्क हवा आहे. वर्षाने यांनी विचारलेच पाहिजे की काय झाले. पाने फाडण्याची मोकळीक मला पुरेशी मिळाली. आता पूर्ण करण्याचा धाक हवा आहे.

कास्तकारभाऊ, माझा नायक कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. नायिकेचे वडील तिथे कापूस घेऊन येतात तेव्हा ओलाव्यापायी भाव कमी लागतो, आणि तो आकडा सांगण्याचे काम त्याच्याकडे येते. तो तो आकडा त्यांना कसा सांगतो आणि ती नंतर त्याच्याशी कशी बोलते, यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. कर्ज तुमच्या घरात आहे, माझ्याही घरात आहे, आणि त्याच घरांत मुले-मुली प्रेमही करतात. दुःख सोडून मी कुठे गेले?

आर्णीच्या भाऊंची हंगामाची सूचना मी अर्धी स्वीकारते. वेचणीत रोज दोन तास मिळणार नाहीत हे मलाही दिसते. परंतु त्या दिवसांत निदान अर्धा तास तरी सुटू नये, नाहीतर माघ उजाडेपर्यंत कादंबरीतली माझी माणसे मला परकी होतात.

प्रतिसाद: कास्तकार (जि. वाशीम)

ताई, काट्यावरचा प्रसंग वाचून थांबलो. तो प्रसंग मी जिनिंगच्या दारात उभा राहून भोगलेला आहे. तो लिहिणार असाल तर विषयाविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो. खर्चाचा आक्षेप मात्र कायम आहे. नव्या लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापणारे बरेच आहेत. ते पैसे बियाण्याच्या आणि खताच्या पैशांतून जाणार असतील, तर घराने वेळच काय, परवानगीही देऊ नये.

प्रतिसाद: ग्रंथालय सेवक (मोर्शी तालुका, जि. अमरावती)

पदरचे पैसे कोणालाही देऊ नयेत, या मताचा मीही आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी प्रकाशन अनुदानाची योजना आहे, आणि तिच्यात कादंबरीही बसते. त्यासाठी हस्तलिखित पूर्ण आणि स्वच्छ असावे लागते, म्हणून पुन्हा वेळेचाच प्रश्न येतो. तोवर प्रतिलिपीसारख्या ॲपवर दोन-तीन प्रकरणे क्रमशः टाकून पाहावीत. तिथे मराठी प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि खर्च काही नाही. काट्यावरचे प्रकरण आमच्याकडे पाठवलेत तर चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बायकांना मी ते वाचायला देईन आणि त्या काय म्हणतात ते तुम्हाला जसेच्या तसे कळवीन.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका (पुसद)

सासूबाईंविषयी वाचून बरे वाटले, ती शंका फिटली. परंतु अनुदान पुस्तक छापण्यासाठी मिळते. ते लिहिताना घरच्यांचे जे तास खर्च होतात त्यांचा हिशेब त्यात नसतो. तुमचा थोरला नववीत आहे. पुढच्या वर्षी त्याची दहावी असेल आणि भांड्यांतला त्याचा वाटा तुम्हाला काढून घ्यावा लागेल. त्या वर्षी काय करणार?

प्रतिसाद: पऱ्हाटी

त्या वर्षी तो अभ्यासाला बसेल तेव्हाच मी त्याच्याजवळ लिहायला बसेन, म्हणजे त्याला काही अडले तर विचारता येईल. त्याच्या वाटची भांडी याच वर्षापासून धाकट्याला शिकवायला घेतली आहेत. तो सहावीत आहे आणि त्याला ते जमते. परीक्षेच्या महिन्यात माझे दोन तास पूर्णपणे थोरल्याचे असतील, हे मी यांना आधीच सांगून ठेवले आहे. एवढे करूनही तुम्हाला काही खटकत असेल तर जरूर लिहा, काकू. ग्रंथालयाच्या भाऊंना काट्यावरचे प्रकरण पुढच्या आठवड्यात पाठवते.