नस 'भरून येते' का?

पाणपोई
मावसभाऊ मोटारसायकलवरून पडला, मणका मोडला आणि आतल्या मेरुरज्जूला इजा झाली. चार महिने झाले. दवाखान्यातून मिळालेलं माहितीपत्रक इंग्रजीत आहे, ते मावशीसाठी मराठीत उतरवतेय. एका वाक्यावर घोडं अडलंय. मी लिहिलं होतं, 'इजेनंतर प्रथिनांत होणाऱ्या बदलांमुळे तिथली नस पुन्हा भरून येत नाही.' मावशीने दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग अंडी वाढवू का?" ही प्रथिनं पेशींनी स्वतः बनवलेली, ताटातली नव्हेत, एवढं तिला कसंबसं पटवलं. तर पुढचा प्रश्न आला, "जखम भरते, हाड सांधतं. नस कधी भरते गं? नस दबते, आखडते, तुटते." आता यावर काय बोलणार! नसेला क्रियापद सुचवा.

खडूफळा
क्रियापदाचं मागाहून बघू, आधी नाम सुधारा. गावाकडे नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि टाचेमागची धोंडशीरही. चेतातंतू, चेतापेशी हे शब्द शाळेच्या पुस्तकांत रुळलेले आहेत. वाक्य सरळ आहे: 'चेतातंतूंचे पुनर्जनन होत नाही.'

पाणपोई
सर, मावशी सातवी शिकलीय. पुनर्जनन वाचून तिला पुनर्जन्म आठवेल.

बोरूबहाद्दर
चेतातंतू कशाला? मज्जातंतू हा जुना, लोकांच्या तोंडी बसलेला शब्द आहे. माझ्या आजोबांना 'मज्जातंतूंचा विकार' होता, चेतातंतूंचा नव्हता.

खडूफळा
आजोबांबद्दल आदर आहे. पण रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंतली मज्जा ही हाडाच्या पोकळीतली. आजही अस्थिमज्जा म्हणतो ती तीच. नसेत ती कुठून आली?

बोरूबहाद्दर
मणक्याच्या पोकळीतून आली. हाडाच्या आत मऊ काही दिसलं की जुने लोक मज्जा म्हणत. चूक असेल, पण रुळलेली आहे. तसं पाहिलं तर स्नायू म्हणजे संस्कृतात मांसपेशी नव्हेच, ती हाडं बांधून ठेवणारी दोरी. आपण तिचं मांस केलं, बंगालीत तिची नस झाली. ग्रीकांचा न्यूरॉनसुद्धा मुळात स्नायुबंध, धनुष्याची दोरी. कोणाकोणाला पट्टी मारणार सर?

डाळिंबवाला
मूळ प्रश्नावर येतो. आमच्याकडे उसाला फुटवे येतात, डाळिंबाला फूट येते. तुटल्या जागेवरून नवं निघालं की ते फुटतं. मग 'नसेला फुटवा येत नाही' का नाही चालणार?

शेरा
मी काही वर्षं याच विषयाच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळलेत, म्हणून मध्ये तोंड घालतो. फुटवा शब्द आवडला, फक्त वस्तुस्थिती उलटी आहे. मेरुरज्जूतल्या तुटल्या तंतूला फुटवे येतात, पण ते थोडे सरकून थबकतात. हाताची नस कापली तर तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे जातो. त्याची पेशी जीएपी-४३ सारखी वाढीची प्रथिनं भराभर बनवते आणि जुन्या तंतूची रिकामी पडलेली नळी त्याला वाट दाखवते. मेरुरज्जूत पेशींचा हा जोर कमी, आणि भोवतालच्या मायलिनच्या, म्हणजे तंतूंवरच्या चरबीदार, वेष्टणात वाढ थांबवणारी प्रथिनं. त्यांतल्या एकाचं नावच 'नोगो' ठेवलंय, २००० साली.

डाळिंबवाला
म्हणजे मराठीत 'जाऊनको' प्रथिन! कोंब बरा आहे, रान वाईट आहे.

शेरा
बरंचसं तसंच. माँट्रियलमध्ये १९८०-८१ च्या सुमारास आग्वायो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मेरुरज्जूला जोडला. जे तंतू आपल्या जागी हलत नव्हते ते त्या तुकड्यात शिरून चांगले लांबवर वाढले.

डाळिंबवाला
हे तर कलम झालं! कलमाने जीव धरला म्हणा. तुम्ही लोक याला प्रत्यारोपण म्हणत असाल.

खडूफळा
प्रत्यारोपणच म्हणतात. आणि कलम अरबी आहे, माहितीसाठी.

डाळिंबवाला
अरबी असो, आमच्या बागेत लागतं ते.

कौलारू
माहितीपत्रकात 'स्कार'बद्दलही असेल ना? त्याला काय लिहिलंत? आमच्याकडे देवीचे वण म्हणतात. व्रण म्हणजे वाहती जखम, ती बरी झाल्यावर मागे राहतो तो वण. हल्ली पेपरवाले दोन्हीकडे व्रण लिहितात.

पाणपोई
मी व्रण लिहिलाय. मावशी म्हणाली, "अजून चिघळतंय का?"

कौलारू
बघा! एक र काय करतो ते.

बोरूबहाद्दर
वण हा व्रणाचाच अपभ्रंश. बापाला जखम आणि मुलाला डाग, अशी वाटणी कुणी केली?

शेरा
या वणाचं प्रकरणही गमतीचं आहे. इजेच्या जागी तारकापेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, गोळा होऊन भिंत घालतात, तिथे साखरेच्या लांब साखळ्या लटकणारी प्रथिनं साठतात, तंतू अडतात. २००२ मध्ये उंदरांत त्या साखळ्या एका विकराने कापल्या तर चालण्यात थोडी सुधारणा दिसली. म्हणून वण वाईट ठरला. मग २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांत तो वण होऊच दिला नाही, तरी तंतू वाढले नाहीत. माणसांच्या उपचारांपर्यंत यातलं थोडंच पोचलंय, हे मावशींना मात्र सांभाळून सांगा.

खडूफळा
विकर लिहिलंत, एन्झाइम नाही, याबद्दल धन्यवाद. प्रथिनही असाच नेमका शब्द. मूळ ग्रीक अर्थ 'पहिल्या स्थानाचं', १८३८ मध्ये मुल्डरने वापरला. आपल्याकडे 'प्रथम'ची सावलीही आली आणि उच्चारही जवळ राहिला.

बोरूबहाद्दर
आणि तरीही मावशींना अंडीच दिसली. कारण प्रथिन हा शब्द आपल्याला डब्यावरच्या तक्त्यातच भेटतो.

पाणपोई
मंडळी, माझं क्रियापद! काल 'तुटलेली नस पुढे फुटत नाही' लिहून दाखवलं. मावशी घाबरली. नस फुटणे म्हणजे मेंदूत रक्तस्राव, तिच्या दिराला झालेला. म्हणे, "फुटत नाही ते बरंच आहे की!"

डाळिंबवाला
अरे देवा. 'वाट धरत नाही' चालेल का?

कौलारू
'जुळत नाही' सोपं आहे.

शेरा
जुळणं म्हणजे दोन टोकं भेटणं. इथे टोकाला पार खाली जाऊन नवी ओळख करायची असते. वाट धरणं जवळ जातंय.

खडूफळा
वाट माणूस धरतो, चेतातंतू नव्हे.

बोरूबहाद्दर
पाऊसही वाट धरतो, सर. वेलही धरते.

पाणपोई
तूर्त 'नस वाढायची थांबते' असं लिहून ठेवलंय. आणखी एक, मेरुरज्जू तो की ती? मी 'तो' लिहिलाय, बहीण 'ती' म्हणते.

खडूफळा
संस्कृतात रज्जू स्त्रीलिंगी आहे.

डाळिंबवाला
मग दोर का पुल्लिंगी?

बोरूबहाद्दर
आणि दोरी स्त्रीलिंगी. बसा आता.