रोम: खाणं, तिकिटं आणि रांगा. माहीत असेल ते इथे लिहा

अबोली
भाची नवऱ्याबरोबर डिसेंबरात चार दिवस रोमला चालली आहे. "मावशी, तिकडे बिनमांसाचं काय मिळतं गं?" एवढंच विचारलं तिने आणि सगळं रोम परत आठवलं. तिला लिहून पाठवलं तेच इथे टाकते, तुम्ही भर घाला.

रोमचे म्हणून चार पास्ते जवळपास प्रत्येक मेन्यूवर असतात: काचो ए पेपे, ग्रिचा, अमात्रिचाना आणि कार्बोनारा. यातला फक्त पहिला बिनमांसाचा. बाकी तिन्हींत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. ते तुकडे बाजूला काढून खाऊ म्हटलं तर उपयोग नाही, कारण त्याच्या सुटलेल्या चरबीतच पास्ता घोळवलेला असतो. काचो ए पेपेत पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकडलेलं पाणी, बस. क्रीम घातलेलं दिसलं तर ते हॉटेल सोडून द्या. हा पदार्थ बहुतेक ठिकाणी टोनारेल्ली नावाच्या पास्त्याबरोबर देतात आणि त्यात बऱ्याचदा अंडं असतं. अंडं चालत नसेल तर स्पागेटी घालून द्या म्हणायचं, सुका पास्ता नुसत्या रव्या-पाण्याचा असतो.

फसायला होतं ते भाज्यांत. फियोरी दी झुक्का म्हणजे भोपळ्याच्या फुलांची भजी, नाव वाचून आपण खूश होतो, पण आत मोझ्झारेलाबरोबर अँचोव्ही मासा भरलेला असतो. पुंतारेल्ले नावाच्या हिरव्या सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये तोच मासा वाटून घालतात. सुप्ली (भाताचा तळलेला गोळा, आत चीज) पारंपरिक असेल तर त्यात खिम्याचा रस्सा असतो. तीनही वेळा विचारायचं: "चे कार्ने? चे पेशे?" म्हणजे मांस आहे का, मासे आहेत का. बिनधास्त मागवावी ती चिकोरिया रिपास्साता, लसूण-मिरचीवर परतलेली कडवट पालेभाजी. आपल्या जिभेला लगेच आवडते.

साधा वरणभात
चीजचंही लिहा ना. पेकोरिनो रोमानोला कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवायचं द्रव्य) वापरतात, पार्मिजानो चीजला वासराचं. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी काचो ए पेपेही बाद. त्यांनी पिझ्झा मारिनारा घ्यावा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज मुळातच नसतं, त्यामुळे काढून टाका वगैरे सांगत बसावं लागत नाही. आणि पन्ना कोत्ता या क्रीमच्या गोड पदार्थात जिलेटिन असतं बरं का, ते प्राण्यांपासून काढतात.

कृष्णाकाठ
तिकिटं आधी!! खाणं कुठेही मिळेल.

कोलोसियमची अधिकृत साइटवरची तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात. १८ युरोचं साधं तिकीट २४ तासांचं, त्यातच शेजारचे फोरमचे जुने अवशेष आणि पॅलाटाइन टेकडी येते. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं, पुष्कळ जण तिथेच अडकतात. वेळ फक्त कोलोसियमची ठरलेली असते. फोरम-पॅलाटाइनला एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत, तेव्हा दोन्ही एका दमात उरका. आत शिरायला व्हिया दी सान ग्रेगोरियोकडचं दार घ्या, तिथे गर्दी कमी, आणि आधी टेकडी चढून मग उतारावर फोरम बघता येतो. मोठ्या बॅगा नि काचेच्या बाटल्या नेऊ देत नाहीत.

डिसेंबर म्हणालात म्हणून: हिवाळ्यात साडेचारला बंद, शेवटचा प्रवेश साडेतीनला. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला पूर्ण बंद.

पेठेतली सुमेधा
व्हॅटिकन म्युझियम ८ डिसेंबरलाही बंद असतं, २५ आणि २६ लाही. ८ ला इटलीभर सुट्टी. एरवी रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, पण तेव्हाची रांग बघून परत फिरावंसं वाटेल. पैसे भरून दुसऱ्या दिवशी जावं.

आणि म्युझियमचं दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही! ते भिंतीला वळसा घालून व्हियाले व्हॅटिकानोवर, चौकातून पंधरा-वीस मिनिटं चालत. चौकातली रांग सेंट पीटर्स बॅसिलिकाची, ती फुकट, फक्त सुरक्षा तपासणीची. पुष्कळ लोक म्युझियमचं तिकीट हातात घेऊन त्या रांगेत उभे राहतात आणि वेळ चुकते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत दोन्हीकडे. बुधवारी सकाळी पोपची सभा असेल तर बॅसिलिका दुपारपर्यंत बंद.

नुसता वाचक
आईंचे गुडघे दुखतात, त्यांना बॅसिलिकाच्या घुमटावर नेता येईल का? लिफ्ट आहे असं ऐकलं.

पेठेतली सुमेधा
@नुसता वाचक लिफ्ट आहे पण ती फक्त गच्चीपर्यंत. एकूण ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी वरच्या ३२० उरतातच, आणि शेवटी जिना इतका अरुंद की घुमटाच्या उतारासारखं अंगही तिरकं करून चढावं लागतं. मध्ये परत फिरायला जागा नाही. काकूंना गच्चीपर्यंतच न्या. पुतळे पाठीमागून जवळून दिसतात, कॉफीचं दुकान आहे, टॉयलेट आहे. शहर वरून बघायचं तर व्हित्तोरियानो या पांढऱ्या स्मारकाच्या काचेच्या लिफ्टने (तिकीट आहे) पार वरच्या गच्चीवर जाता येतं. फुकट हवं असेल तर पिंचो टेकडीवरची गच्ची.

मात्र रोमच्या जुन्या भागात सगळीकडे काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेत, सांपिएत्रिनी म्हणतात. पाऊस पडला की निसरडे होतात आणि फटीत काठीचं टोक अडकतं. जाड रबरी तळाचे बूट घ्या त्यांना, सँडल नको.

नुसता वाचक
खूप खूप आभार ताई. बूट आजच बघतो.

मीनल७८
ऑफिसातून लिहितेय, पटकन. कॉफी. बारमध्ये (तिकडे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) उभ्याने प्यायची नि टेबलावर बसून प्यायची किंमत वेगळी असते, मोठ्या चौकात तर दुप्पट-तिप्पट. दोन्ही दर फलकावर असतात, बसण्याआधी वाचा. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवून सांगायचं. पावतीशिवाय काउंटरवर कितीही हात हलवले तरी कोणी बघत नाही. बरोबर मारित्तोझ्झो, म्हणजे क्रीम ठासून भरलेला गोड पाव. सकाळीच खा, तेव्हाच ताजा असतो.

अबोली
मारित्तोझ्झो राहिलाच होता गं लिहायचा!

दादरकर
बिलाबद्दल कोणी बोललं नाही अजून. इटलीत इतरत्र माणशी 'कोपेर्तो' लागतो, टेबलावर बसायचे पैसे म्हणू. रोम ज्या प्रांतात आहे त्या लाझिओत तो लावायला बंदी आहे, त्याऐवजी बिलात 'पाने' म्हणजे पावाचे पैसे दिसतात. पाव न मागता आणून ठेवतात. नको असेल तर हात लावायच्या आधी परत पाठवा, मग पैसे द्यावे लागत नाहीत. 'सेर्व्हित्सियो' म्हणजे सर्व्हिस चार्ज लावणार असतील तर तो मेन्यूवर छापलेला असायला हवा. वर टीप द्यायचं बंधन नाही, एखाद-दोन युरो ठेवले की पुष्कळ.

मासे आणि मोठं मांस याच्यापुढे 'ल'एत्तो' लिहिलं असेल तर छापलेला आकडा १०० ग्रॅमचा आहे. ६ युरोचा मासा म्हणून मागवला आणि तो ७०० ग्रॅमचा निघाला की ४२ युरो. शिजवण्याआधी वजन करून दाखवा असं सांगायचं, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. पदार्थापुढे चांदणी असेल तर तो गोठवलेला आहे, तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

गोदाकाठची
पिझ्झा अल तालियो सांगा तिला, दुपारसाठी उत्तम आणि स्वस्त. मोठ्या चौकोनी ताटातून कात्रीने कापून वजनावर देतात. दर किलोचा किंवा १०० ग्रॅमचा असतो, दोन्ही आकडे नीट बघा. तुकडा केवढा हवा ते बोटांनी दाखवायचं, ते कात्री ठेवून विचारतात, "इतका?" दोघांना मिळून तीन-चार प्रकारांचे लहान तुकडे घ्या. पताते (बटाटा-रोजमेरी) आणि रोस्सा (नुसता टोमॅटो) हे दोन सहसा बिनमांसाचे. गरम करून देऊ का विचारतील, हो म्हणा. उघड्या भट्टीतला गोल पातळ पिझ्झा मात्र बऱ्याच ठिकाणी फक्त रात्री.

वेळा: दुपारचं साडेबारा ते अडीच-तीन, रात्रीचं साडेसातच्या पुढे. मधल्या वेळेत स्वयंपाकघरच बंद. चार वाजता फोटोंचा मेन्यू दाखवून बोलावणारी हॉटेलं उघडी असतात, तिथे नका जाऊ.

साधा वरणभात
कोन्तोर्नो म्हणजे भाजी वेगळी मागवावी लागते आणि ती मुख्य पदार्थाबरोबर येते, पास्त्याबरोबर नाही. आपल्याला सगळं पानात एकदम लागतं. "तुत्तो इन्सिएमे" म्हणालं की एकत्र आणतात.

मालाडची जिग्ना
आमच्याकडे कांदा-लसूणही नाही. मग काय खायचं तिथे?

साधा वरणभात
@जिग्नाबेन चीज चालत असेल तर मार्गेरीता पिझ्झा: टोमॅटो, मोझ्झारेला, बेसिल. सॉसमध्ये कांदा-लसूण सहसा नसतो, तरी "सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला" सांगाच. पावात किंवा फोकाच्चात (तेल लावलेला चपटा पाव) डुकराची चरबी असू शकते, त्याला स्त्रुत्तो म्हणतात, तेही विचारा. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं सूप टाळा, कांदा तर असतोच, शिवाय कधी मांसाच्या पाण्यात उकळतात.

गोदाकाठची
स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर तेर्मिनी स्टेशनजवळचा नुओव्हो मेर्कातो एस्क्विलिनो बाजार गाठा. डाळी, कणीक, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, भेंडी सगळं. रोमच्या दक्षिणेला लातिनाकडे शेतांवर पंजाबी मंडळी पुष्कळ आहेत, त्यामुळे मसाल्यांची ददात नाही.

मालाडची जिग्ना
कोथिंबीर मिळते म्हणजे काम झालं 😄

कृष्णाकाठ
विमानतळ: फ्युमिचिनोहून लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो, ३२ मिनिटांत थेट तेर्मिनी. ८ युरोची साधी लोकल तेर्मिनीला जातच नाही, ती त्रास्तेव्हेरे-ओस्तिएन्से-तिबुर्तिना अशी जाते. हॉटेल त्रास्तेव्हेरेत असेल तर हीच घ्या. लोकलचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारूनच चढा, नाहीतर तिकीट असूनही दंड. पांढऱ्या टॅक्सीला जुन्या तटबंदीच्या आत ठरलेला दर आहे, तो दारावर लिहिलेला असतो. बस-मेट्रोला दीड युरोत १०० मिनिटं, त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच. बँकेचं कार्ड टेकवूनही चालतं, पण माणशी वेगळं कार्ड. ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीटमार असतात, पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

दादरकर
चित्रांची आवड असेल तर एक पैसा न भरता काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रं बघा. सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये संत मॅथ्यूची तीन चित्रं, सान्ता मारिया देल पोपोलोत दोन, सान्तागोस्तिनोत एक. चॅपेलमध्ये अंधार असतो, अशा ठिकाणी पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळात विझतो. ५० सेंटची, एक युरोची नाणी खिशात ठेवा. चर्च दुपारी साडेबारा ते तीन-चार बंद असतात, म्हणून ती सकाळीच करा. बोर्गेझे गॅलरीला मात्र बुकिंग हवंच, दोन तासांची पाळी असते आणि सोमवारी बंद.

मीनल७८
पाणी विकत घेऊ नका!! रस्त्यात लोखंडी नळ आहेत, नासोनी. शहरात दोन हजारांवर आहेत, पाणी गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, वाकावं लागत नाही. हॉटेलात बसल्यावर मात्र बाटलीच आणतात: नातुराले साधं, फ्रित्सान्ते सोड्यासारखं.

नुसता वाचक
व्हिसाच्या विम्याची रक्कम किती लागते कोणी सांगेल का? आणि हॉटेलात वेगळे पैसे मागतात म्हणे?

कृष्णाकाठ
@नुसता वाचक विमा किमान ३० हजार युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला आणि पूर्ण मुक्काम झाकणारा. हॉटेलात मागतात तो शहराचा कर, माणशी दर रात्री, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे, जास्तीत जास्त दहा रात्रींचा. बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो, तिथेच भरायचा. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ.

अबोली
सगळं तिला पाठवलं. ती विचारतेय कार्चोफी (आर्टिचोक, कळीसारखी भाजी) डिसेंबरात मिळतील का?

गोदाकाठची
बाजारात दिसायला लागतात, पण रोमचा खरा गोल जाडजूड आर्टिचोक फेब्रुवारी ते एप्रिलचा. ज्यू वस्तीत आल्ला जुदिया अख्खा तळून देतात, पाकळ्या कुरकुरीत होतात. आल्ला रोमाना पुदिन्याच्या जातीचा पाला नि लसूण घालून मंद शिजवलेला. डिसेंबरात मागवण्याआधी ताजा आहे का विचार म्हणावं, "फ्रेस्को?" नाही म्हणाले तर चिकोरियाच घे.