भावाच्या टाचेसाठी पेप्टाइडची इंजेक्शनं, चालू ठेवू द्यावीत का?

सांगलीची_ताई

नमस्कार मंडळी, टेन्शनमध्ये आहे म्हणून लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय २२, कबड्डी खेळतो, चढाईला असतो. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या संघात होता, यंदा राज्याच्या निवड चाचणीची तयारी चाललीय. चार महिन्यांपासून उजव्या टाचेच्या वरची मागची शीर (अकिलीस टेंडन) दुखतेय. सकाळी उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं लंगडतो, मग जरा मोकळं झालं की लगेच मॅटवर. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की शीर जाड झालीय, फाटलेली नाही, विश्रांती घे. तीन आठवडे घेतली, परत उतरला आणि परत तेच.

परवा फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांमागे एक छोटी बाटली सापडली. विचारलं तर म्हणाला बीपीसी-१५७ आहे, जिमच्या ट्रेनरने दिलंय, महिन्याचे साडेसहा हजार, पांढरी पावडर येते त्यात पाणी घालायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने पोटावर टोचायचं. बारा दिवस झाले स्वतःच टोचून घेतोय! बाटलीवर इंग्रजीत छापलंय की फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरायचं नाही. ट्रेनर म्हणतो तसं लिहावंच लागतं, आणि हे आपल्या पोटातच तयार होणारं प्रोटीन आहे त्यामुळे साइड इफेक्ट नाही. खरंय का हे? वडिलांना अजून बोलले नाहीये, आधी नीट समजून घ्यायचंय.

घोटा_गुडघा_फिजिओ

ताई, मी कोल्हापूरला फिजिओ आहे, असे खेळाडू माझ्याकडे नेहमी येतात. ट्रेनर म्हणतोय ते अर्धंच खरं आहे. बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड, जठररसातल्या एका प्रोटीनवरून घेतलेली, पण बाटलीत येते ती कारखान्यात बनवलेली. यावरचं बरंचसं काम क्रोएशियात झाग्रेबच्या एकाच गटाने केलंय, नव्वदच्या दशकापासून, आणि ते उंदरांवर. उंदराची शीर कापली, हे दिलं, लवकर भरून आली. पण तुमच्या भावाची शीर कापलेली नाहीये, रोजच्या उड्या आणि वळणांनी हळूहळू झिजलीय, ही दुखापतच वेगळी. माणसांवरचं म्हणाल तर गुडघ्यात इंजेक्शन दिलेल्या १६ जणांची एक नोंद आहे, तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि अजून काही छोटे प्रयोग. एवढ्यावर २२ वर्षांच्या पोराने रोज सुई टोचून घ्यावी असं मला तरी वाटत नाही.

अजून एक, हे नव्या रक्तवाहिन्या वाढवतं असं प्राण्यांमध्ये दिसलंय. जखम भरताना ते चांगलंच, पण शरीरात कुठे नको ती गाठ असेल तर तिलाही रक्त लागतं, आणि वर्षानुवर्षं काय होतं हे कुणी तपासलेलंच नाही. त्यामुळे साइड इफेक्ट नाही असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते कशाच्या जोरावर, हे विचारा त्याला.

आता शिरेचं. नुसती विश्रांती घेतली की दुखणं कमी होतं पण शीर आणखी कमकुवत होते, मग मैदानात उतरला की परत पहिल्यापासून, तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. तिला हळूहळू वजन द्यावं लागतं. १९९८ मध्ये स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला, १५ वेळा असे ३ सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून दोन्ही, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराच्या पंधरा परत पळायला लागले. सगळ्यांना इतका फरक पडतो असं नाही, पण पहिला उपाय आजही शिरेला असा भार देणं हाच आहे. फक्त दुखणं अगदी हाडाला चिकटते तिथे असेल तर टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. हे एकदा कुणाला तरी दाखवूनच सुरू करा.

आणि त्याला विचारा, मधे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या अँटिबायोटिकने शिरा दुखावतात. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला कुणी तयार झालं तर तेही नको, शीर तुटायची भीती असते.

मॅटवरचा_जुना

फिजिओ साहेबांनी तब्येतीचं सांगितलं, मी खेळाचं सांगतो कारण ताई तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. बीपीसी-१५७ वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, २०२२ पासून नाव घेऊन टाकलंय, स्पर्धा असो नसो, कधीच चालत नाही. राज्याकडून पुढे नॅशनलला गेला, खेलो इंडियाला गेला, तर तिथे नाडाचे, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचे, लोक सॅम्पल घेतात. मला ट्रेनरने दिलं, मला माहीत नव्हतं, हे तिथे चालत नाही, अंगात काय सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच.

ऑस्ट्रेलियात एसेंडन नावाचा फुटबॉल क्लब आहे, त्यांच्या ३४ खेळाडूंना २०१२ च्या हंगामातल्या थायमोसिन बीटा-४ साठी २०१६ मध्ये दोन-दोन वर्षांची बंदी बसली. तेही रिकव्हरीचंच पेप्टाइड, आणि इंजेक्शनं क्लबच्याच कार्यक्रमातून दिलेली. पोरं म्हणत होती आम्हाला सांगितलं सगळं नियमात आहे. टीबी-५०० म्हणून जे विकतात ते त्याच घरातलं, ट्रेनर पुढच्या महिन्यात तेही जोडून देईल, सांभाळा. कबड्डीत चढाईवाल्याची बावीस ते चोवीस ही वर्षं गेली की परत येत नाहीत हो, मी बघितलंय जवळून.

ठाण्याचा_पळणारा

मी स्वतः घेतलंय म्हणून लिहितो, पोटरीच्या दुखण्यासाठी सहा आठवडे घेतलं आणि बरं वाटलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच सहा आठवड्यांत मी पळणं निम्म्यावर आणलं होतं, बूट बदलले होते आणि फिजिओकडेही जात होतो. मग बरं कशाने झालं? सुईला पैसे जास्त गेले होते म्हणून मी सुईलाच श्रेय देत राहिलो. दुसऱ्या बाटलीच्या वेळी टोचलं तिथे लाल गाठ आली, ताप आला, तेव्हा घाबरून बंद केलं. कशाने झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मेडिकलवाला_काका

त्या गाठीवरून सांगतो, ३० वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. पेप्टाइड म्हणून सगळं वाईट असं नाही, इन्सुलिन पेप्टाइडच आहे. पण इन्सुलिनच्या बाटलीवर बॅच नंबर असतो, परवाना असतो, काही बिघडलं तर कुणाला तरी जाब विचारता येतो. या बाटलीत लिहिलंय तेच आहे का, तेवढंच आहे का, जंतुविरहित आहे का, हे मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही. माणसांसाठी औषध म्हणून आपल्याकडे याला मान्यता नाही. अमेरिकेतही २०२३ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फार्मसीत बनवून द्यायच्या औषधांमध्ये याला सुरक्षिततेची शंका असलेल्या गटात टाकलं होतं, कारणांमध्ये पेप्टाइडमधली अशुद्धी होती आणि शरीराची प्रतिकारशक्ती उलटायची भीती होती. पोरी, त्यात पाणी कुठलं घातलंय तेही विचार, साधं डिस्टिल्ड वॉटर घालून तीच बाटली दोन आठवडे वापरत असेल तर आजच फेकायला लाव. सुया कचऱ्यात उघड्या टाकू नका, घंटागाडीवाल्यांच्या हाताला लागतात. आणि त्याला ओरडू नकोस, लपवायला लागला की मग काहीच कळणार नाही.

सांगलीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ओरडले नाही, काका म्हणाले तसं शेजारी बसून हा धागा त्यालाच वाचायला दिला. तब्येतीचं वाचून काही बोलला नाही, पण नाडाचं वाचल्यावर एकदम गप्प झाला आणि म्हणाला ट्रेनरने हे सांगितलंच नव्हतं. पाणी डिस्टिल्डच होतं. बाटली फ्रिजमधून काढलीय, सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद केल्यात. जानेवारीत टायफॉइडला कुठली गोळी दिली होती ते बघायला जुनी चिठ्ठी शोधतेय. दुखणं हाडापासून साधारण तीन बोटं वर आहे, फिजिओ दादा, म्हणजे पायरीवरचा व्यायाम चालेल ना? सोमवारी इथे एका फिजिओंची वेळ घेतलीय, रिपोर्ट बरोबर नेते.

घोटा_गुडघा_फिजिओ

तीन बोटं वर म्हणजे पायरी चालेल, सोमवारी तपासून घेतील तेव्हा नक्की होईल. चिठ्ठी सापडली तर तीही न्या. तोपर्यंत उड्या आणि मॅट बंद, चालणं आणि सायकल चालेल. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडणं वाढलंय का ते रोज वहीत लिहून ठेवायला सांगा.