नुसत्या ओ-रिंगा बदलून भागत नाही
एकांनी लिहिलंय की स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणारं यंत्र) उघडायचा, ओ-रिंगा (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) बदलायच्या, ग्रीस लावायचं, झालं सर्व्हिसिंग! इतकं सोपं नाही हो. खरी गोम टाकीवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजच्या सीटमध्ये, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेच्या बैठकीत असते. टाकीतला २०० बारचा दाब तिथे उतरून साधारण ९-१० बार होतो. सीटवर बारीकशी रेघ पडली तरी हवा झिरपत राहते आणि सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) फुसफुसायला लागते. म्हणून आधी इन्फ्लेटरच्या होजला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीला) लागणारा प्रेशर गेज घ्या. काटा एका जागी थांबला तर ठीक, हळूहळू चढत राहिला तर बहुतेक सीट गेली.

माझा पहिला पराक्रम सांगतो. ओ-रिंग काढायला आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि पितळी खाचेत चरा पाडला. नवी ओ-रिंग घालूनही गळती तशीच! आता प्लॅस्टिकची टोकदार काडी वापरतो.

भागांवरचं समुद्राच्या पाण्याचं मीठ काढायला पांढरं व्हिनेगर निम्मं आणि पाणी निम्मं, पण थोडाच वेळ. भाग रात्रभर बुडवून ठेवलेत तर क्रोमचा मुलामा सुटू शकतो.

मूळ कंपनीचं सर्व्हिस किट हातात नसेल तर मात्र उघडूच नका. आणि जोडल्यावरची पहिली डुबकी कमरेएवढ्या पाण्यात.